ईश्वर कोच झाला

शिरूरच्या स्टँडवर कवठे येमाईच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर ईश्वर, त्याची बायको धुरपदा आणि गावातले आबा.

"आबा, पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरनं सांगितलं, मला एडीएचडी हाय. ध्यान एका जागी टिकत न्हाई."

"मंग रं आता?"

"आता मी कोच झालोय. असल्या लोकांना ध्यान ठेवायला शिकवतो. चला, गाडी आली!"

"अहो, ती न्हावऱ्याची हाय. बसा खाली."

"शिकवतोस म्हंजी काय सांगतोस?"

"आठवण करून द्यायला घरातलं एक माणूस हाताशी ठेवायचं. आज सकाळीच मी मोटर चालू केली, वाफ्यात पाणी सोडलं..."

"मोटर बंद मी केली."

"बघा आबा! हीच माझी पद्धत."

"धुरपदा, तू कवा दाखवलंस का गं डॉक्टरला?"

"मला झोप लागत न्हाई म्हणून नंबर माझाच लावला होता, आबा. आत गेल्यावर हेच बोलत बसले."