उलटं पाऊल

(बंगळूरच्या सर्जापूर रोडवरची सोसायटी. लिफ्ट बंद. सहाव्या मजल्याच्या जिन्यात स्ट्रेचर, त्यावर सिद्धीचे वडील.)

बाबा : ठेवा! खाली ठेवा, मेलो मी!

सिद्धी : ठेवलं, बाबा, ठेवलं. योगीराज, तुम्ही दोघं बाजूला व्हा, प्लीज. चार पायऱ्या पण नाही झाल्या...

दयानंद : वॉचमनलोकांचं काही चुकलं नाही. दोघं पाय मिळवून चालतात. एकदम डावा, एकदम उजवा. मग स्ट्रेचर पाळण्यासारखं झुलणारच की हो.

सिद्धी : सर! तुम्ही इथे?

दयानंद : योगीराजनं फोन केला. मागच्याच गल्लीत तर राहतो. काय मोडलं?

सिद्धी : खुबा. बाथरूममध्ये पडले. अॅम्ब्युलन्स गेटवर आहे, पण ड्रायव्हर एकटाच. लिफ्टला अजून दीड तास म्हणतात. आणि पाय गार पडत चाललाय, सर. डॉक्टर फोनवर म्हणाले, थांबू नका, उशीर झाला तर पाय जाईल. आणि हाड हलूही देऊ नका.

बाबा : कोण आलंय? तो नाचाचा मास्तर?

दयानंद : तोच, साहेब. ज्याच्या सालसा क्लासवर तुम्ही सोसायटीची नोटीस लावली.

बाबा : सिद्धी, दुसरं कोणी मिळालं नाही का?

सिद्धी : तीन टॉवर भरून माणसं आहेत, बाबा. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलंय. खाली कोणी आलं नाही.

दयानंद : अक्का, ओढणी कमरेला बांध. मागचे दांडे तू घे.

सिद्धी : मी? नाही जमणार मला!

दयानंद : उतारावर भार पुढच्यावर येतो. पुढं मी. योगीराज बाजूनं हात लावेल. पण पाऊल तुझं-माझं. दोन वर्षं माझ्या उलट पाऊल टाकतेस की नाही? माझा डावा, तुझा उजवा. आज मी पाठमोरा, एवढंच.

सिद्धी : आणि मोजताना चारला?

दयानंद : चारला थांब, आठला थांब. तेवढ्यात स्ट्रेचरचं कापड निवांत होतं.

बाबा : म्हणजे मला सालसा करत नेणार तुम्ही?

दयानंद : ‘असले प्रकार क्लबहाऊसात चालणार नाहीत’ असं लिहिलंत तुम्ही. जिन्याचं काही लिहिलं नव्हतं. चष्मा काढून छातीवर ठेवा. पडला तर शिव्या द्या मला. उचल, अक्का. एक, दोन, तीन... पाच, सहा, सात...

सिद्धी : बाबा? दुखतंय?

बाबा : दुखतंय. पण... आपण निघालोय का?

सिद्धी : पाचव्या मजल्यावर आलो, बाबा.

बाबा : आलो? कधी?

दयानंद : आता वळण. नाचात क्रॉस बॉडी घेतो ना, तसं. तू बाहेरून ये, लहान पावलं. सरी, बरोबर. साहेब, बोलत राहा. गप्प झालात की मला भीती वाटते.

बाबा : काय बोलू? हे... हे नाचात शिकवतात?

दयानंद : नाही. हे डोंगरात शिकलो, नव्व्याण्णवला. पलटणीच्या बँडात होतो. साइड ड्रम.

बाबा : बँडवाल्याचं लढाईत काय काम?

दयानंद : सगळे हेच विचारतात. वाद्यं पेटीत बंद करायची आणि स्ट्रेचर उचलायचं, हे काम. तुम्ही परेडला टाळ्या वाजवता ना, तीच माणसं जखमी खाली आणतात. एक, दोन, तीन...

सिद्धी : सर, हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

दयानंद : तू फी देतेस ती नाचाची. पाच, सहा, सात. पहिल्या खेपेला आमचे पाय मिळाले. ट्रेनिंगात शिकवलं होतं, पाऊल मोडा, मिळवू नका म्हणून. पण बारा वर्षं बँडात पाऊल मिळवलेलं, पाय ऐकतो होय? स्ट्रेचरवरचा जवान असा ओरडला, असा ओरडला... आत्ता साहेब ओरडले तसा. मग मी तोंडानं मोजायला लागलो. पुढच्याचा डावा, माझा उजवा. चारला थांब.

बाबा : चारला का?

दयानंद : तेवढ्यात तो श्वास घ्यायचा. मला पाठीमागून दिसायचं. नाही घेतला, तर तेही दिसायचं.

सिद्धी : ...तिसरा मजला, सर.

दयानंद : टेकव. स्वल्प दम घे. हात मोकळे कर. पाऊल सोडू नको.

बाबा : किती जण आणलेत?

दयानंद : एकोणीस. चौदा बोलत पोचले.

बाबा : मग हा सालसा मध्येच कुठून आला?

दयानंद : काँगोतून. शांतिसेनेत पाठवलं होतं. शेजारी उरुग्वेची पलटण. त्यांचा एक कॉर्पोरल रविवारी दोन उभे ढोल घेऊन बसायचा. मी जवळ जाऊन हलगीचा ठेका दिला. आमचा आज्जा खानापूरकडं हलगी वाजवायचा, साहेब. वरातीत सगळ्यांच्या पुढं, जेवायला गोठ्यामागं. त्या गोऱ्यानं मला मांडीला मांडी लावून बसवलं, आणि मग नाचायला उठवलं. म्हणाला, समोरच्याचं पाऊल तुझ्या उलट. तुझा डावा, तिचा उजवा. चारला थांब.

सिद्धी : सर...

दयानंद : मी तिथंच खाली बसलो. उलटं पाऊल मला फक्त रक्तात माखलेल्या माणसांबरोबर ठाऊक होतं. आणि इथं त्याच पावलावर माणसं हसत होती. बाया, म्हातारे, पोरं. म्हटलं, उरलेला जन्म हेच करायचं. चल, उचल. एक, दोन, तीन...

बाबा : मला हे माहीत नव्हतं.

दयानंद : विचारलं कुठं? सव्वीस जानेवारीला पदकं लावून झेंड्याखाली उभं केलंत, फोटो काढलात. सत्तावीसला नोटीस. ‘फौजी माणसाला शोभत नाही.’ तुम्हाला फौजी पुतळ्यासारखा पाहिजे, साहेब. हलला की तो नाच्या.

सिद्धी : सर, आत्ता नको ना.

दयानंद : आत्ताच. आत्ता ते उठून जाऊ शकत नाहीत.

बाबा : हसवू नका हो, कळ येते.

दयानंद : बघ अक्का, हसले. पाच, सहा, सात.

बाबा : सिद्धी, खरं सांग, जिना सपाट आहे का इथे?

सिद्धी : नाही हो बाबा. सरांनी दांडे खांद्यावर घेतलेत. ते खाली जातात, तुम्ही जात नाही.

बाबा : चष्मा कुठाय?

सिद्धी : छातीवरच आहे. जिथं ठेवलात तिथंच.

बाबा : मास्तर, त्या जवानांसाठी मोजायचात, ते मोठ्यानं?

दयानंद : हळू. त्यांच्या कानापुरतं.

बाबा : माझ्यासाठी मोजा तसं.

दयानंद : एक... दोन... तीन... ... पाच... सहा... सात... ... 

सिद्धी : बाबा, आलो. गेट आलं. अॅम्ब्युलन्स समोर आहे. बाबा? रडताय? दुखतंय का?

बाबा : नाही गं. मोजणं थांबलं. मला वाटलं, अजून एक मजला असेल.