वर जाणारी माणसं

मी, खाली सही करणारी, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी, राहणार नव्या बालवाडीच्या मागची गल्ली, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात अकरा वर्षं कामाला होते. इमारत बांधण्याआधी तिच्यात माणसं कशी वागतील, ते कॉम्प्युटरवर चालवून बघणं हे माझं काम. पडद्यावर माणसं ठिपक्यांसारखी दिसतात, म्हणून ऑफिसात मला मुंगीताई म्हणतात.

नव्या बालवाडीचा आराखडा आमच्या ऑफिसचा. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, जिना एकच. आग लागली तर सगळे चार मिनिटांत बाहेर पडतात, असं पहिल्यांदा आलं. नियम पाच मिनिटांचा आहे. मला ते पटलं नाही. मी जुन्या बालवाडीच्या जिन्यात आठवडाभर वही घेऊन बसले. शनिवारी सुटायच्या वेळेला आगीच्या सरावाची घंटा झाली. खाली मुलांना न्यायला आलेले एकतीस जण होते. त्यातले सव्वीस वर धावले. एक आजोबा काठी टाकून गेले.

ती माणसं मी कॉम्प्युटरवर घातली. चाराची साडेदहा मिनिटं झाली. जिन्याच्या वळणावर ठिपके हलेचनात. दुसरा जिना हवा, असं मी साहेबांना सांगितलं.

साहेब म्हणाले, "मुंगीताई, वर जाणारे काढून टाका. नियमात असं कोणी धरत नाही."

मी म्हणाले, "नियमात नसतील, जिन्यात असतात."

त्यांनी पहिलाच, चार मिनिटांचा अहवाल मंजुरीला पाठवला. खाली माझं नाव होतं. इमारत एका जिन्याची उभी राहिली.

शाळा सुरू झाली त्या सोमवारी सकाळी नऊला मी फाटकाशी उभी राहिले. येईल त्या पालकाला लॅपटॉपवर तो जिना दाखवला. कोणाला अडवलं नाही. एका बाईने विचारलं, "यातली मी कुठली?" मी वर जाणारा ठिपका दाखवला. ती मुलीला कडेवर घेऊन परत फिरली. दहा वाजता वर सातच मुलं होती. मुख्याध्यापिकाबाईंनी तीही खाली आणली आणि फाटकाला कुलूप घातलं.

त्या जिन्याची फाईल मी ऑफिसातून घेतली हे खरं आहे. चोरली म्हणत असाल तर तसं लिहा. नोकरीवरून काढल्याचं पत्र सोबत जोडलं आहे. लेखी माफी मागितली तर चोरीची तक्रार मागे घेतो, असा साहेबांचा निरोप आला. माफी मागणार नाही. मला मूलबाळ आहे का, असं विचारण्यात आलं. त्याचा इथे संबंध नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "सदर कृत्य गैरसमजातून घडले" असं एक वाक्य निघालं. ते मी बोलले नव्हते. हवालदारांना ते खोडायला लावलं आणि खोडलं तिथे आधी सही केली. उरलेलं माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.