साडूच्या मोटारीत समुद्र

अन् वरून हेच केशवराव अकोलाभर सांगत सुटले का, "शालिकरामला समुद्र मानवला नाही!" मानवला नाही? अरे, समुद्रानं काय बिघडवलं होतं त्याचं? समुद्र बिचारा आपल्या जागी पडून होता... मानूस नाही मानवला, मानूस! थांबा, तुमाले पयल्यापासून सांगतो, नाही तं तुमी बी त्या गरिबालेच नावं ठेवसान.

शालिकराम म्हंजे अचलपूरचा संत्र्याचा बागवान. दोन विहिरी, चारशे झाडं, अन् तोंडातून दिवसाकाठी शब्द बारा. त्याची बायको सत्यवती. तिची मोठी बहीन बेबीताई, अकोल्याले जठारपेठेत दिलेली. अन् तिचे मालक हे केशवराव, डिप्टी कमिश्नरच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हनून पेन्शनीत निघालेले. लहानपनी शिकाले चार वर्षं पुण्याले होते, तवापासून बोलनं असं का जशी एकेका शब्दाले इस्त्री! विलायतेले परत चाललेल्या कोन्या साहेबाची जुनी मोटार घेतली, अन् आठ दिवसांत अचलपुरात हजर. "साडूभाऊ, सासूबाईंना समुद्र पाहायचा आहे. त्यांचं वय झालं. वेसाव्याला माझ्या मित्राचा बंगला आहे... बंगला!"

आता मे महिना! बागेत आंबिया बहार, लिंबाएवढी फळं, विहिरीत पानी टोंगळ्याएवढं, गुडघ्याच्या वर नाही, झाडं जीभ काढून उभी... अन् या मानसानं पानी पाहाले दोनशे कोस जावं? नाही म्हनता येत नव्हतं काय? येत होतं ना! पन म्हनला नाही. काहून? तं नातं साडूचं! साडूले 'नाही' म्हनलं का बायको सहा महिने भाकरीसंगं टोमने वाढते.

गेले. मोटारीत पुढं साडू, मागं दोघी बहिनी, मधात सासू मानिकबाई, अन् शालिकराम? शालिकराम मोटारीच्या पुढं, हँडल मारत! जठी थांबले तठी केशवराव आतून, "हं, मारा!" अन् हा मारे. खांदा उतरला, तरी मारे. काहून? तं नातं साडूचं!

बंगला म्हनता? दोन खोल्या! अन् खिडकीतून समुद्र दिसे का? दिसे, पन मधात बोंबील! धोब्यानं धोतरं टाकावी तसे ओळीनं वाळत घातलेले. मानिकबाई वांगंही धुऊन-धुऊन खानारी बाई. आठ दिवस पदर नाकाले होता. पन डोळे? डोळे समुद्रावर! बुढी सकाळपासून लाटेत पाय टाकून बसे, अन् म्हने, "पाहा व माय, एवढं पानी, अन् कोनाच्याच बापाचं नाही!" शालिकरामानं एक ओंजळ तोंडात घेतली, थुकली. एवढं पानी, अन् एका झाडाच्या कामाचं नाही! अन् केशवराव हातात घड्याळ घेऊन काठावर, "सासूबाई, भरती सुरू, बाहेर या! साडूभाऊ, श्वास असा नाही घ्यायचा, असा घ्यायचा!" अरे, पन्नास वर्षं श्वासच घेऊन राहिला ना तो?

निघतानी मानिकबाईनं एक कळशी भरली समुद्राची. तोंडाले फडकं बांधलं, मांडीवर घेऊन बसली. "गावातल्या बायाईले चाखवीन. नाही तं म्हनतील, बुढी खोटं बोलते." अख्ख्या फेरीत तिनं मांगितलं काय, तं एवढंच.

परतीले धुळ्यात रस्ता चुकला. शालिकराम म्हनला, "दादा, सकाळचा सूर्य उजव्या हाताले आहे. आपल्याले तं समोर पाह्यजे." केशवराव हासले, "शेतात सूर्य पाहतात, साडूभाऊ. रस्त्यावर नकाशा पाहतात!" पाहा मंग नकाशा... तापी आली! तापी! इंदूरच्या वाटेवरची! गाडी वळवली, अन् म्हनतात काय, "सासूबाईंना नदी दाखवावी म्हटलं." मानिकबाईनं हात जोडले नदीले. शालिकराम? गप! काहून? तं नातं साडूचं!

भुसावळ मांगं पडलं, मलकापूर येवाचं होतं, ऊन असं का कावळा झाडावरून उतरेना. मोटारीच्या तोंडातून वाफ! थांबली. नाल्यात पानी नाही, प्याचं पानी कवाचंच सरलं. मानिकबाई निंबाच्या सावलीत कलंडली होती. केशवरावानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, कळशीचं फडकं सोडलं, अन् वतली ना राजेहो मोटारीत! चर्रर्र...

बुढी दचकून उठली. "माहा समुद्र! माहा समुद्र पेली याची मोटार!"

"सासूबाई, खाऱ्या पाण्याचं काय एवढं? घरी गेल्यावर मीठ कालवून देतो की!"

मानिकबाईनं कळशी हातावर उपडी केली. दोन थेंब पडले, ते पाहात बसली. अन् तुमाले सांगतो, तठी शालिकरामाचं काळीज हाललं. गेला, अन् धरली साडूची कॉलर! "बयताडा! मीठ कालवून समुद्र होते काय? बुढीनं आठ दिवसांत एक चीज मांगितली होती, एक! तू तिले इचारलं काहून नाही?" बेबीताई किंचाळली, सत्यवतीनं धोतर ओढलं, तवा कुठं सुटली कॉलर. मोटार तं हालेचना. मंग एका शेतकऱ्याचे बैल जुपले. समोर बैल, आत साहेब! असं मलकापूर गाठलं, मोटार तठीच दुरुस्तीले टाकली.

तठून आगगाडीनं अकोला. साडूच्या घरात पाय टाकते न टाकते तं सत्यवती रडाले लागली, "माही बहीन तोडली तुमी!" अन् मानिकबाई? जिच्यासाठी एवढं महाभारत केलं, ते मानिकबाई म्हने, "मोटारीले तहान लागली होती, पानी पेली. पन शालिकराम, तुमी मोठ्या जवायाच्या गळ्याले हात लावला, हे शोभलं नाही. माफी मांगा!"

शालिकरामानं सासूकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. अन् जोडले हात! "चुकलं, दादा."

"असू द्या," केशवराव सोफ्यावरून, "उन्हानं माणसाचं डोकं फिरतं."

एवढ्यावर निघाचं ना बाबा! पन नाही. उंबरठ्यावर जीभ घसरली, "या एकदा बागेत, मोकळ्या हवेले." आता असं आपून म्हनतोच ना? रीत म्हनून म्हनतो! येते काय कोनी?

कार्तिकात संत्रं तोडाले आलं, अन् फाटकात पों-पों! केशवराव, बेबीताई, चार ट्रंका. "पेन्शनर माणूस, साडूभाऊ, घाई कसली!"

आज सव्वा महिना झाला. झाडाखाली खाट टाकून केशवराव शालिकरामले संत्रं कसं सोलावं, ते शिकवून राहिले.

अन् शालिकराम? शिकून राहिला.