हशाची जागा

—नाही, धाकटीला उठवायचं नाही. काय असेल ते मला सांगा, मी थोरली बहीण, या घरात निरोप आधी माझ्याकडे येतात. चहा घ्या. कप जपून धरा हं, त्याच नाटकातला आहे—तीनशे बारा प्रयोग याच कपातून रंगाचं पाणी प्यायले मी. दिवाणखान्यात बसून सभ्य माणसं गोड आवाजात एकमेकांची अब्रू काढतात, नाटक म्हणजे काय, एवढंच—पण लोक हसून हसून वाकडे व्हायचे. मालकीणबाई मी होते. मी. आणि त्याच नाटकावर सिनेमा काढायचा ठरला तेव्हा निर्माते काय म्हणाले? कॅमेरा फार जवळ येतो हो बाई, गळ्यावरच्या सुरकुत्या लपत नाहीत, धाकटीला घेऊ, तुम्ही तिला तयार करा.

केली की. मी काय कोत्या मनाची आहे? वाक्य न् वाक्य घोटून घेतलं. हशाची जागासुद्धा शिकवली—टोमणा मारला की कप ओठाशी न्यायचा, मनात तीनपर्यंत मोजायचं, तोवर हशा ओसरतो, मग पुढचं वाक्य. नाटकात हे येत नसेल तर निम्मी वाक्यं हशात बुडतात. पण सिनेमात समोर हसायला असतं कोण? —दिग्दर्शकाला कसं कळलं नाही म्हणता? तोही आमच्यातलाच, जन्म नाटकात गेलेला. तालमीत दिवेवाले हसायचे, जागा बरोब्बर भरायची. शूटिंगला सगळे चिडीचूप, पण त्याच्या कानात हशा होताच. पहिल्या खेळाला मी तिच्या शेजारीच बसले होते. प्रत्येक टोमण्यानंतर पडद्यावर तिचा भिंतीएवढा चेहरा, ओठाशी कप, आणि शांतता. कुणीतरी खोकलं. दोन आठवड्यांत सिनेमा उतरला. पेपरात आलं, नव्या बाई वाक्यं विसरतात. पुन्हा तिला कुणी बोलावलं नाही.

काय? सिनेमा शिकणारे विद्यार्थी आता तो सिनेमा त्या शांततेसाठीच बघतात? चेहऱ्यावर एकटेपणा दिसतो म्हणे—अहो, आकडे मोजत होती ती, एकटेपणा कसला. मग सत्कार तिचा का? ती शांतता माझी आहे, मी दिलेली, मला पक्कं ठाऊक होतं कॅमेऱ्यापुढे थांबायचं नसतं, पहिल्या दिवसापासून ठाऊक—

घ्या ना. निवतोय चहा.

असं बघू नका हो. चाळीस वर्षं विचारतेय ती, ताई, माझं कुठं चुकलं? मी सांगते, तुझ्यात तेवढं नव्हतंच गं. आता कुठं पचलंय तिला, कशाला ढवळायचं? सत्काराची पत्रिका त्या बशीखाली ठेवा. देईन मी. देईन म्हटलं ना.

हळू बोला, उठली वाटतं... कुणी नाही गं, पत्ता चुकून आलेत. पड तू.

चला, निघा आता. आणि तो कप खाली ठेवा.