बुडवायचं, ओतायचं नाही

...आणि वरून मलाच विचारतात, "हे भातावर घ्याचं का पोयी संगं वं, गुंजन?" तुम्हाला सांगते, दहा दिवस खपले मी त्या पातेल्यासाठी, आणि सांगत होते एकच, बुडवायचं, ओतायचं नाही!

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? टोरांटोला शिकत होते ना, तिथे कॉलेजसमोर एक सँडविचचं दुकान होतं. ब्रेडच्या मधे मांस, आंबवलेली पत्ताकोबी आणि चीज. परीक्षा संपली की दुकानदार तेच सारण एका भांड्यात घालून भट्टीत भाजायचा, वर चीज नुसतं खदखदतंय, आणि सगळे जण ब्रेडचे तुकडे घेऊन त्या एकाच भांड्यात... वर्षभराचे अबोले तिथे सुटताना पाहिलेत मी!

आणि गावी, आसगावला परतले तर काय? तलाव एक, भांडणारे दोन. माझे बाबा, सेवकराम, धानवाल्यांचे पुढारी. त्यांना उन्हाळी धानासाठी सगळं पाणी पाहिजे. धनीरामकाका मासेमार सोसायटीचे अध्यक्ष. त्यांना मासोळ्या जगायला कंबरभर तरी राहायला पाहिजे. तीन महिन्यांत तीन बैठका झाल्या, तिसरीत खुर्ची उडाली, आणि बाबा-काकांचं एकमेकांशी बोलणं तर पहिलीपासूनच बंद. मी म्हटलं, चौथीला जेवण माझं. तेच सारण, फक्त मांसाऐवजी काकांचा रोहू, ब्रेडऐवजी बाबांच्या तांदळाची भाकर, आणि भांडं एक. एकाच भांड्यात हात गेल्यावर माणूस भांडेल कसा?

कोबी मिठात घालून बरणी ठेवली, तर तिसऱ्या दिवशी आईनं "सडली वं माय" म्हणून गाईपुढे ओतली. गाईनं तोंड फिरवलं. दुसरी बरणी मी उशाशी घेऊन झोपले. चीज भंडाऱ्याहून आणलं, काकांच्याच मासोळ्यांच्या पेटीत, बर्फात. रोहूचे काटे किती असतात, कल्पना आहे? मी मोजायचं सोडलं. भट्टी नव्हती, तर रोडगे भाजतात तशी युक्ती केली... पातेल्याखाली गोवऱ्यांचे निखारे, झाकणावर निखारे. हरले नाही हो मी!

बैठकीत झाकण काढलं. सोनेरी! मी भाकरीचे कुरकुरीत तुकडे पुढे केले, म्हटलं, चला, बुडवा.

कोणी हलेना.

शेवटी धनीरामकाकांच्या पत्नी सखाबाई म्हणाल्या, "पहिल्यानं बुडवलं का ते उष्टं झालं ना बाई. मंग बाकीच्यायनं काय खावं?" आणि दोन्हीकडची झाडून सगळी मुंडकी एकदम हलली. तीन महिन्यांतलं पहिलं एकमत! माझ्याविरुद्ध!

लगेच पळी आली, द्रोण आले, भातानं भरलेलं मोठं गंज आलं. मी ओरडतेय, बुडवायचं, ओतायचं नाही, आणि ते ओतताहेत. काकांनी एक घास घेतला आणि थेट बाबांकडे वळले.

"सेवकराम, तुह्या पोरीनं मासोयीचा सत्यानास केला."

बाबा म्हणाले, "तं काय. मिरची नाई, हयद नाई."

तीन महिन्यांनी बोलले हो एकमेकांशी! सखाबाईंनी तोवर लसूण-मिरचीची फोडणी पातेल्यात ओतलीसुद्धा. मग पंगत बसली. चीजच्या तारा मिशीपासून द्रोणापर्यंत लोंबताहेत आणि बाबा तसेच म्हणतात, "मांडीभर ठेवतो पानी."

"कंबरभर," काका भातावरून मान वर न करता.

बाबांनी तार तोडली. काकांकडे खालून वरपर्यंत पाहिलं... काका सहा फुटी, बाबा त्यांच्या खांद्याला.

"बरं, कंबरभर. पन तुही कंबर नाई, माही."

काका हसले. मिटलं! तलाव वाचला, धान वाचलं, आणि ठराव लिहायला कोण? शिकलेली मी. ठराव पहिला, सेवकरामांच्या कंबरेइतकं पाणी राखावं. ठराव दुसरा, यापुढे बैठकीचं जेवण गुंजननं करू नये. सूचक बाबा, अनुमोदक धनीरामकाका. कोणाचा विरोध?

एकच हात वर झाला. माझा. आणि तुम्हाला सांगते, तोही भातानं बरबटलेला.