चाळीस मिलिमीटर

जिनेश: तीस नको, चाळीस मिलिमीटरवालेच मागवतो. एकदाच काय ते करून टाकू. आज ऑर्डर पक्की केली तर शनिवारी पार्सल तळोद्यात.

योगेंद्र: पहिले बठ तर खरा, जिनेशभाऊ. गॅरेजमा उना तवयपासून उभाच शे.

जिनेश: बसून काय करू? हे बघा फोनमध्ये. गाडी चाळीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या छोट्या स्प्रिंगा, त्याच मापाचे शॉकअप, चारही चाकांचा सेट. गाडी जमिनीला चिकटून पळणार. वळणावर डुलायचं नाव नाही. महिनाभर हेच बघतोय मी.

योगेंद्र: मंग माले कसाले इचारस?

जिनेश: बसवणार तुम्ही ना! हा दुसरा सेट स्वस्त आहे, पण त्यात नुसत्या स्प्रिंगा येतात. शॉकअप जुनेच ठेवायचे.

योगेंद्र: तो तर देखूच नको. छोटी स्प्रिंग आनि जुना शॉकअप, सहा महिनामा तेल सोडी दी. आते सांग, तू गाडी कोठे कोठे ली जास?

जिनेश: कुठे म्हणजे? नंदुरबार, शहादा. आठवड्याला धडगावचा बाजार, मागे कापडाचे गठ्ठे.

योगेंद्र: मांगे गठ्ठा, पुढे तू, बाजूले तुन्हा पप्पा घेवरचंदशेठ. गाडी तशीच दोन बोटं दबस. वरथून तू चाळीस कमी करशी. धडगावना पहिलाच गतिरोधकवर सायलेन्सर घासाई जाई.

जिनेश: कडक असतात ना त्या स्प्रिंगा. दबणारच नाहीत.

योगेंद्र: आनि शेठनी कंबर? तिले कोन सांगी, का दबू नको म्हणून? मन्हं ऐक. स्प्रिंग कंपनीनीच राहू दे. मांगला डावा शॉकअप गया शे, त्यानी जोडी बदली टाक. बस. गाडी सरळ चाली.

जिनेश: तेवढ्यानं नाही भागणार.

योगेंद्र: काबर?

जिनेश: कारण प्रियल गाडीत बसत नाही! दोन महिने झाले. मनगटाचं प्लास्टर निघालं, तरी गाडीत पाय ठेवत नाही. परवा दोंडाईच्याला माहेरी जाऊन आली. नंदुरबार स्टेशनापर्यंत जीपनं. गाडी दारात उभी आणि माझी बायको बारा माणसांत कोंबून बसलेली. सगळ्या बाजारपेठेनं पाहिलं.

योगेंद्र: मंग त्यासले स्प्रिंग थोडी दिसई?

जिनेश: गाडी खाली बसलेली तर दिसेल ना? मी दाखवीन तिला. म्हणेन, बघ, आता डुलणारच नाही. तोरणमाळच्या घाटात डुलली म्हणून तर सुटली ना हातातून.

योगेंद्र: जिनेशभाऊ, ती गाडी घाटमातून मीच उचली लयनू.

जिनेश: माहीत आहे.

योगेंद्र: पुढल्या दोन्ही डिस्क निळ्या पडेल व्हत्यात. ब्रेक तापी तापी जळेल. आनि गिअर न्यूट्रलमा व्हता.

जिनेश: धडकेत निघाला असेल.

योगेंद्र: धडकमा गिअर आपोआप निंघस नही.

जिनेश: हळू बोला.

योगेंद्र: आठे कोन शे ऐकाले? पेट्रोल वाचाडाले काढा ना?

जिनेश: सगळेच काढतात उतारावर. लहानपणापासून पप्पांना बघतोय मी.

योगेंद्र: घाटमा गाडीले इंजिन धरी ठेवस. गिअर काढा का सगळा भार ब्रेकवर. मंग तू चाळीस कमी कर नही तर ऐंशी कर, तापेल ब्रेक लागत नही. गाडी डोंगरनी बाजूले धडकनी म्हणून वाचनात. दुसरी बाजूले काय शे, तुले माहीत शे.

जिनेश: कुणाला बोललात?

योगेंद्र: बोलतू तर आतेपर्यंत गावले कळतं.

जिनेश: मी घरी सांगितलं, गाडी डुलली. तेवढंच. मग मम्मी म्हणाली, तोरणमाळ बघायची हौस कोणाला होती? ती प्रियलला होती, खरंच. तेव्हापासून तेच चाललंय. जेवताना. पाहुणे आले की पाहुण्यांसमोर. सुनेच्या हौसेपायी पोरगा मरता मरता वाचला.

योगेंद्र: आनि तू?

जिनेश: मी काय? मी... हे स्प्रिंगांचं बघतोय ना.

योगेंद्र: त्या देख, रिक्षामातून वहिनी उतरी ऱ्हायन्यात.

प्रियल: फोन का उचलत नाही? पार्सलवाल्यांचा घरी फोन आला, ऑर्डर पक्की करायची का म्हणून. कसल्या स्प्रिंगा? नमस्कार योगेंद्रभाऊ.

योगेंद्र: बठा वहिनी. हात कसा शे?

प्रियल: मूठ वळते आता. कणीक अजून मळता येत नाही.

जिनेश: तुझ्यासाठीच मागवतोय. गाडी खाली बसेल, वळणावर अजिबात डुलणार नाही. मग तर बसशील?

प्रियल: गाडी डुलते असं मी कधी म्हटलं?

जिनेश: मग बसत का नाहीस?

प्रियल: योगेंद्रभाऊ, तुम्हाला गाडीतलं कळतं, म्हणून विचारते. त्या दिवशी उतरताना गाडीचा आवाज गेला होता. बंद नाही पडली, पण एकदम मऊ झाली. मी म्हटलंसुद्धा, किती शांत वाटतंय. आणि मग वेग वाढतच गेला. यांना विचारलं तर म्हणतात, तू घाबरलीस, तुला तसं वाटलं. पण मी तेव्हा घाबरलेच नव्हते हो. मी हसत होते.

योगेंद्र: वहिनी...

प्रियल: असं होतं का कधी? की मला भास झाला? सासूबाई म्हणतात, डोक्याला मार लागलाय, सुरतेला नेऊन दाखवू. हल्ली मलाही तसंच वाटतं. गॅस बंद केला का, कडी लावली का, चार चार वेळा उठून बघते.

योगेंद्र: भास नही शे तो. तुमी बरोबर ऐकं. पन त्यानं कारण माले नका इचारू. मी चहा सांगी येस.

(योगेंद्र बाहेर जातो.)

प्रियल: ते असे का गेले?

जिनेश: मी गिअर काढला होता.

प्रियल: म्हणजे?

जिनेश: उतार लागल्यावर. पेट्रोल वाचावं म्हणून. म्हणून आवाज मऊ झाला. ब्रेक तापले आणि लागेनात. गाडीचा काही दोष नव्हता. तुझाही.

प्रियल: हे तुम्हाला आज कळलं?

जिनेश: नाही.

प्रियल: कधीपासून माहीत होतं?

जिनेश: धडकलो तेव्हापासून.

प्रियल: मला वाटलं, मला वेड लागतंय. दोन महिने रोज वाटलं. तुम्ही शेजारी झोपत होता.

जिनेश: पप्पा म्हणाले असते, गाडी सांभाळता येत नाही, याच्या हाती दुकान काय देऊ. मला वाटलं, थोडे दिवस जाऊ दे, मग...

प्रियल: भुसावळच्या आत्या आल्या होत्या, तेव्हा मम्मी काय म्हणाल्या, आठवतं? मी एका हातानं फुलके वाढत होते. तुम्ही अजून एक मागितलात.

जिनेश: आठवतं.

प्रियल: बरं झालं. मला वाटलं, तोही माझा भासच.

जिनेश: घरी गेल्यावर सांगतो सगळ्यांना. शपथ.

प्रियल: नका घेऊ शपथ. घरी गेल्यावर जेवण असेल, मग दुकान, मग उद्या. मी निघते. नंदुरबारची जीप मिळेल आता.

जिनेश: थांब. थांब ना, प्रियल. लावतो फोन.

योगेंद्र: चहा ल्या. गरम शे. मंग, त्या ऑर्डरनं काय?

जिनेश: रद्द. मागचे शॉकअप बदला, कंपनीचेच. ब्रेकही बघा एकदा... रिंग जातेय.

योगेंद्र: मी बाहेर थांबू?

प्रियल: नको भाऊ. तुम्हीही बसा.

जिनेश: हॅलो, मम्मी? पप्पा आहेत का जवळ? स्पीकर लाव... नाही, काही झालं नाही. म्हणजे झालंय. तोरणमाळला गाडी माझ्यामुळे धडकली. मी उतारावर गिअर काढला होता... हो, मीच... नाही, तिनं बोलायला नाही लावलं. तिला तर आत्ता कळलं... पप्पा, तुमचा काही संबंध नाही. मी गाडी चालवत होतो... आत्यालाही मीच सांगेन. आजच... हां. हां, मम्मी.

प्रियल: काय म्हणाल्या?

जिनेश: म्हणाली, तिला फोन दे.

प्रियल: द्या.