चपलेचा आवाज

बिरवाडीच्या दुकानात सलोनी कारखान्यासाठी बूट घ्यायला आली, तेव्हा आंबेनळी घाटाखालचं एक म्हातारं जोडपं आधीच बूट उलटेपालटे करत बसलं होतं. चांद्या नावाचं घोड्याचं शिंगरू दोरीला धरून रोज डांबरी रस्त्यानं चालवायचं, त्यासाठी ही खरेदी. सलोनीला घाई होती. पण ती ऐकत उभी राहिली.

“हेच घ्या. पुढं आत लोखंड हाय. चांद्यानं पाय दिला तरी बोटं वाचतील.”

“नको गो. तो माझ्या चपलेच्या फटफट आवाजावर चालतो. बुटात मला ओळखायचा नाय.”

“अंगठ्याचं नख गेलं, तरी चपलाच?”

“लहान हाय अजून. बिथरून सुटला तर कुठं धावू त्याच्यामागं?”

“मग तुमच्या चपला मी घालते. येते तुमच्या मागनं चालत.”

“तुला मोठ्या होतील.”

“होऊ देत. जास्त वाजतील.”

बूट पायात चढवून म्हाताऱ्यानं नाडी बांधली. दुकानदारानं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट त्याच्या खांद्यांना लावून पाहिलं आणि सलोनीकडे वळला.

“ताई, तुम्हाला काय दाखवू?”

“सावकाश. त्यांचं होऊ दे आधी.”

“शेठ, हे नको. ह्याच्याहून बारकं द्या,” म्हातारा म्हणाला.

“अवो, बारकं तुमच्या अंगात नाय जायचं,” म्हातारी म्हणाली.

“धुक्यात गाडी मागनं येते गो. मागं तू असशील ना.”